शस्त्रविक्रीला नोंदवही लावणारा औषधविक्रेता

१ फेब्रुवारी २०२४ रोजी वॉशिंग्टनहून एक बातमी जगभरच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन थडकली. भारताला ३१ ‘एमक्यू-९ बी’ वैमानिकरहित विमाने विकण्याचा सुमारे चार अब्ज डॉलरचा प्रस्ताव अमेरिकी प्रशासनाने तेथील काँग्रेसला रीतसर कळविला होता. प्रत्यक्ष करारावर सह्या झाल्या त्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. ‘सी-१३० जे’ आणि ‘सी-१७’ ही मालवाहू विमाने, ‘एम-७७७’ तोफा, नौदलासाठीची ‘एमएच-६० आर’ हेलिकॉप्टरे, या खरेदींच्या वेळीही असाच मजकूर आपण वाचला आहे. काँग्रेसला सूचना देण्यात आली, हे वाक्य त्यात ठरलेलेच असते आणि बहुतेक वाचक ते ओलांडून थेट किमतीच्या आकड्याकडे वळतात.

विकणारे एक सरकार, घेणारे दुसरे सरकार, किंमतही ठरलेली. मग मध्ये ही सूचना कशासाठी? या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण १९७६ सालच्या एका कायद्यापाशी आणि त्या कायद्यामागे उभ्या असलेल्या एका सिनेटरपाशी येऊन पोहोचतो. ते सिनेटर म्हणजे ह्यूबर्ट होरेशिओ हम्फ्री. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थोडक्यात हरलेले उमेदवार, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झगडलेले नेते ही त्यांची सर्वपरिचित ओळख. शस्त्रविक्रीच्या कायद्याचे काम त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत आटोपले जाते. वास्तविक भारतासारख्या खरेदीदार देशाचा आज संबंध येतो तो त्यांच्या याच कामाशी.

डोलँडचे दुकान

हम्फ्री यांचा जन्म २७ मे १९११ चा, दक्षिण डकोटा राज्यातील वॉलेस या लहानशा गावातला. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच हे मूल जन्माला आले. पुढे कुटुंब डोलँड या गावी स्थायिक झाले. वडील राजकारणाचे भोक्ते. रिपब्लिकन पक्षाच्या मुलखात डेमोक्रॅटिक पक्षाची बाजू हिरिरीने मांडणारे. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर चालणाऱ्या त्यांच्या चर्चा ऐकतच ह्यूबर्ट लहानाचे मोठे झाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात गावातील बँका बुडाल्या आणि हम्फ्री कुटुंबाला राहते घर विकावे लागले. त्यापाठोपाठ महामंदी आली आणि धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केली.

मिनेसोटा विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले ह्यूबर्ट शिक्षण अर्धवट टाकून घरी परतले. डेन्व्हर येथील औषधशास्त्राच्या महाविद्यालयात त्यांनी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत पुरा केला, परवाना मिळविला आणि ह्यूरन या गावी वडिलांच्या नव्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले. तेथे त्यांची उमेदीची काही वर्षे गेली. १९३६ मध्ये म्यूरियल बक यांच्याशी विवाह झाला. नंतर पत्नीच्या पाठिंब्यावर ते विद्यापीठात परतले, १९३९ मध्ये पदवीधर झाले आणि लुइझियाना राज्य विद्यापीठातून त्यांनी राज्यशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली.

औषधविक्रेत्याचा धंदा इतर दुकानदारीसारखा नसतो. साबण, दंतमंजन किंवा खोकल्याच्या गोळ्या कोणालाही देता येतात. पण काही बाटल्या कुलपात असतात. त्या देताना डॉक्टरांची चिठ्ठी पाहावी लागते, घेणाऱ्याचे नाव आणि मात्रा वहीत टिपावी लागते. गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, कितीही पैसेवाले असो, नियम बदलत नाही. हम्फ्री यांच्या १९७६ च्या कायद्याची या दुकानदारीशी तुलना करण्याचा मोह होतो. ही तुलना आमची, त्यांची नव्हे. मात्र कायद्यातील तरतुदी पाहिल्या की ती अस्थानी वाटत नाही.

महापौर ते सिनेटर

१९४५ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी हम्फ्री मिनियापोलिसचे महापौर झाले. नोकऱ्यांमधील वांशिक भेदभावाला आळा घालण्यासाठी त्यांनी शहरपातळीवर आयोग नेमला. १९४८ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले असता पक्षाच्या जाहीरनाम्यात नागरी हक्कांचा स्पष्ट पुरस्कार व्हावा यासाठी त्यांनी केलेले भाषण गाजले. दक्षिणेकडील अनेक प्रतिनिधी सभागृह सोडून गेले, पण ठराव मंजूर झाला. त्याच वर्षी ते सिनेटवर निवडून आले.

सिनेटमध्ये त्यांनी जे विषय हाती घेतले त्यांत निःशस्त्रीकरण हा एक प्रमुख विषय होता. या विषयावरील सिनेटच्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. डिसेंबर १९५८ मध्ये क्रेमलिनमध्ये निकिता ख्रुश्चेव्ह यांच्याबरोबर त्यांची सुमारे आठ तास चर्चा झाली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या बोलक्या सिनेटरकडे वेधले गेले. १९६१ मध्ये शस्त्रनियंत्रण व निःशस्त्रीकरणासाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी करारासाठीही त्यांनी सिनेटमध्ये किल्ला लढविला. १९६४ चा ऐतिहासिक नागरी हक्क कायदा सिनेटमधून पार करून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. विरोधकांची आठवडेच्या आठवडे लांबलेली भाषणबाजी मोडून काढून त्यांनी ती पार पाडली.

त्यांच्या कारकिर्दीत सर्वच काही उजळ होते असे मात्र नाही. कम्युनिस्टविरोधी लाटेच्या काळात, १९५४ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाला बेकायदा ठरविणाऱ्या कायद्याचा पुरस्कार त्यांनीच केला होता. उदारमतवादी म्हणवणाऱ्या नेत्याच्या नावावरचा तो डाग त्यांच्या चाहत्यांनाही पुसता आलेला नाही.

पॅटन रणगाडे आणि लाल गहू

याच काळात अमेरिकी शस्त्रे मित्रराष्ट्रांना कशी दिली जात होती, याचा अनुभव भारताने फार जवळून घेतला. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी साह्याचा करार केला. ही शस्त्रे कम्युनिस्ट आक्रमणाविरुद्ध आहेत, भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना दिले होते. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबच्या सीमेवर तेच पॅटन रणगाडे आणि तीच सेबर विमाने भारतावर चालून आली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. असल उत्तरच्या लढाईत भारतीय जवानांनी डझनावारी पॅटन निकामी केले. त्या युद्धातील पॅटन अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात पाहता येतो.

अमेरिकेने दोन्ही देशांना होणारा शस्त्रपुरवठा तडकाफडकी थांबविला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. शस्त्र एकदा हातातून सुटले की देणाऱ्याच्या आश्वासनाला किती किंमत राहते, हा प्रश्न त्या युद्धाने विचारला. आश्वासन पत्रातले होते. ते पाळले जाते की नाही हे पाहणारी आणि मोडले गेल्यास जाब विचारणारी भक्कम यंत्रणा त्यामागे नव्हती.

हम्फ्री त्या वेळी लिंडन जॉन्सन यांचे उपाध्यक्ष होते. भारताशी त्यांचा संबंध आला तो मुख्यतः धान्याच्या निमित्ताने. १९५४ च्या ‘पीएल-४८०’ कायद्याचे आणि त्यातून पुढे आलेल्या शांततेसाठी अन्न या योजनेचे ते खंदे पुरस्कर्ते. मुंबई-पुण्यातील जुन्या मंडळींना रेशनच्या रांगा आणि तो लाल गहू अजून आठवत असेल. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या अंत्यसंस्कारासाठी अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून हम्फ्री दिल्लीत आले आणि पुढच्याच महिन्यात नव्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांना भेटण्यासाठी पुन्हा आले. दुष्काळाच्या त्या दिवसांत जॉन्सन गव्हाची जहाजे थोड्या थोड्या मुदतीच्या हिशेबाने सोडत होते. मदत देणारा देश घेणाऱ्याची मान कशी पकडू शकतो, हे भारताने तेव्हा पाहिले आणि स्वयंपूर्णतेचा ध्यास घेतला.

व्हिएतनामचे ओझे

उपाध्यक्षपदाच्या काळात हम्फ्री यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी शोकांतिका घडली. फेब्रुवारी १९६५ मध्ये व्हिएतनाममधील युद्ध वाढवू नये, असे टिपण त्यांनी खासगीरीत्या अध्यक्षांना पाठविले. जॉन्सन यांना ते रुचले नाही. महत्त्वाच्या बैठकांतून हम्फ्री यांना बाजूला ठेवण्यात आले. पुढे त्यांनी आपले मत गिळले आणि वर्षभरातच ते त्या युद्धाचे जाहीर समर्थक बनले. निष्ठेपोटी म्हणा किंवा महत्त्वाकांक्षेपोटी म्हणा, त्यांनी ही तडजोड केली आणि तिची किंमतही मोजली.

१९६८ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या युद्धविरोधी तरुणांवर बरसत असताना सभागृहात हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. ३० सप्टेंबरच्या भाषणात त्यांनी बॉम्बफेक थांबविण्याची तयारी दर्शवून जॉन्सन यांच्यापासून थोडे अंतर राखले, पण उशीर झाला होता. रिचर्ड निक्सन यांनी त्यांचा सुमारे पाच लाख मतांनी पराभव केला. सात कोटींहून अधिक मतदारांच्या देशात हा फरक एक टक्क्याहूनही कमी होता.

१९७१ मध्ये ते पुन्हा सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला आले. १९७२ मध्ये पक्षाची उमेदवारी मिळविण्याचा आणखी एक प्रयत्न फसला. साठी उलटलेल्या नेत्याची उरलेली वर्षे आठवणी सांगण्यात गेली असती तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. हम्फ्री यांनी मात्र सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीतील परकीय मदतविषयक उपसमितीचे अध्यक्षपद स्वीकारले आणि फारशा प्रसिद्धीची शक्यता नसलेला एक किचकट विषय हाती घेतला. व्हिएतनाममध्ये निर्णय बंद दाराआड झाले आणि काँग्रेसला ते नंतर कळले. शस्त्रविक्रीतही तेच घडत होते.

तेलाचा पैसा, शस्त्रांची यादी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका मित्रदेशांना शस्त्रे मुख्यतः मदत म्हणून देत असे. मदतीला पैसा लागतो आणि पैसा काँग्रेस मंजूर करते. त्यामुळे आपोआपच एक लगाम होता. साठच्या दशकात मदतीची जागा विक्रीने घ्यायला सुरुवात केली. विक्रीत पैसे घेणारा देश मोजतो. साहजिकच काँग्रेसच्या तिजोरीचा लगाम सुटला. १९६८ च्या लष्करी विक्री कायद्याने काही नियम घातले, पण ते पुरेसे नव्हते.

१९७३ मध्ये तेलाच्या किमती कडाडल्या आणि आखाती देशांच्या हाती अमाप पैसा आला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी वर्षाला एक-दीड अब्ज डॉलरच्या घरात असलेली अमेरिकी सरकारची शस्त्रविक्री १९७४ पर्यंत सुमारे दहा अब्जांवर पोहोचली. सर्वांत मोठे गिऱ्हाईक इराणचे शहा होते. मे १९७२ मध्ये निक्सन आणि हेन्री किसिंजर तेहरानला गेले असता शहांना अण्वस्त्रे वगळता हवी ती शस्त्रे विकण्याचे ठरले. त्यानंतर निघालेल्या आदेशाने कोणते शस्त्र घ्यायचे याचा निर्णय मुख्यत्वे इराणवरच सोपविला. म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी लिहिण्याचे कामही गिऱ्हाइकाकडेच दिले.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर दोष अनेक होते. कोणत्या देशाला पुढील वर्षी काय विकायचे याचा एकत्रित अंदाज काँग्रेसपुढे येत नसे. परराष्ट्र खाते आणि संरक्षण खाते यांपैकी अंतिम जबाबदारी कोणाची, हे व्यवहारात धूसर होते. मित्रदेशांतील अमेरिकी लष्करी सल्लागार पथके सल्ल्याबरोबर विक्रीलाही हातभार लावत. भूदल, नौदल आणि हवाई दल आपापल्या शस्त्रांसाठी परदेशात गिऱ्हाइके शोधत, कारण जास्त उत्पादन झाले की त्यांनाही ती स्वस्त पडत. भरीस भर म्हणून १९७५-७६ मध्ये लॉकहीड कंपनीने परदेशांत वाटलेल्या लाचेचे प्रकरण उघडकीस आले. त्याचे हादरे जपान, नेदरलँड्स, इटलीपर्यंत बसले. जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना अटक झाली.

यातून काँग्रेस जागी झाली. डिसेंबर १९७४ मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या दुरुस्तीने पहिले पाऊल पडले. अडीच कोटी डॉलर किंवा त्याहून मोठ्या सरकारी शस्त्रविक्रीची सूचना काँग्रेसला देणे बंधनकारक झाले आणि ती रोखण्यासाठी वीस दिवसांची मुदत मिळाली. फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने उपखंडावरील दहा वर्षांची शस्त्रबंदी उठविली. पाकिस्तानला पुन्हा अमेरिकी शस्त्रे मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतात संतापाची लाट उसळली. परराष्ट्रमंत्रिपदी तेव्हा यशवंतराव चव्हाणच होते. पॅटनचा अनुभव घेतलेल्या चव्हाणांचा नियोजित अमेरिका दौरा या निषेधापायी बारगळला.

नकाराधिकार आणि तडजोड

तुकड्यातुकड्यांच्या दुरुस्त्यांनी भागणार नाही, सबंध व्यवस्थाच नव्याने बांधली पाहिजे, अशी हम्फ्री यांची धारणा होती. त्यांच्या उपसमितीत तयार झालेल्या विधेयकात वार्षिक शस्त्रविक्रीवर नऊ अब्ज डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. शिवाय अनेक बाबतींत प्रशासनाचा निर्णय साध्या ठरावाने रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसकडे घेण्यात आला होता. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. ७ मे १९७६ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठविले. परराष्ट्र धोरण चालविणे हे अध्यक्षांचे काम आहे आणि आकड्यांची सरसकट मर्यादा मित्रदेशांच्या गरजा ओळखत नाही, असा त्यांच्या आक्षेपांचा रोख होता.

येथे हम्फ्री यांच्यातील अनुभवी संसदपटू दिसतो. नकाराधिकार उलथवून टाकण्याइतकी मते जमणे कठीण होते. त्यांनी आकड्याचा हट्ट सोडला. नऊ अब्जांची मर्यादा जाऊन तिच्या जागी विक्री त्या वेळच्या पातळीपेक्षा वाढू नये, अशी नुसती अपेक्षा उरली. मात्र विक्रीची सूचना, तिची छाननी आणि तिचा हिशेब या तरतुदी त्यांनी कायम राखल्या. आकडा हा आज ना उद्या जुना होणार होता. सवय लागली तर ती टिकणार होती. ३० जून १९७६ रोजी फोर्ड यांनी सुधारित विधेयकावर सही केली आणि शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा अस्तित्वात आला.

कायद्याने काय बदलले

या कायद्याने शस्त्रविक्रीची सर्वंकष देखरेख परराष्ट्रमंत्र्यांकडे सोपविली. शस्त्र विकणे हा व्यापार नसून परराष्ट्र धोरणाचा भाग आहे, हे तत्त्व त्यामुळे व्यवहारात आले. अडीच कोटी डॉलरच्या वरची कोणतीही सरकारी विक्री, किंवा सत्तर लाख डॉलरच्या वरची प्रमुख युद्धसामग्री, विकण्यापूर्वी काँग्रेसला तपशीलवार सूचना देणे आवश्यक ठरले आणि विचारासाठी मुदत वीसऐवजी तीस दिवसांची झाली. नाटो आणि मोजके निकटचे देश वगळता अन्य देशांना मोठी युद्धसामग्री खासगी कंपन्यांनी परस्पर विकण्यास बंदी आली. असे व्यवहार सरकारमार्फतच व्हावेत असे ठरले. विक्रीसाठी दिलेली दलाली, कमिशन आणि राजकीय देणग्या जाहीर करण्याचे बंधन आले. परदेशांतील लष्करी सल्लागार पथकांना काँग्रेसच्या स्पष्ट मंजुरीची गरज निर्माण झाली. घेतलेले शस्त्र अमेरिकेच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशाला देता येणार नाही आणि ठरलेल्या हेतूपलीकडे वापरल्यास त्याची दखल घेतली जाईल, या अटींना धार आली. मानवी हक्कांचे सातत्याने उल्लंघन करणाऱ्या राजवटींना लष्करी साह्य रोखण्याची तरतूदही बळकट झाली.

याच कायद्यात सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांची अणुप्रसारविरोधी दुरुस्ती समाविष्ट होती. युरेनियम समृद्धीकरणाची सामग्री नियंत्रणाबाहेर मिळविणाऱ्या देशाची मदत तोडणारी ही दुरुस्ती एप्रिल १९७९ मध्ये पाकिस्तानला लागू झाली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेचा नूर पालटला. १९८१ मध्ये सवलत देऊन पाकिस्तानला ‘एफ-१६’ विमाने देण्याचे ठरले. कायदा अध्यक्षांना विचार करायला भाग पाडू शकतो; शहाणपण देऊ शकत नाही, हे यातून दिसले.

हम्फ्री यांचाही पक्षपात होता. इस्रायलला शस्त्रे देण्याचे ते आयुष्यभर समर्थक राहिले. जी कठोर नजर त्यांनी इराणकडे वळवली, ती सर्वच मित्रदेशांकडे सारख्याच कठोरपणे वळवली असे म्हणता येणार नाही.

इराणचा अहवाल

कायदा झाल्यानंतर महिन्याभरातच हम्फ्री यांच्या उपसमितीने इराणला झालेल्या शस्त्रविक्रीवरील अहवाल प्रसिद्ध केला. १९७२ ते १९७६ या काळात इराणने दहा अब्ज डॉलरहून अधिक किमतीची अमेरिकी शस्त्रे घेण्याचे करार केले होते. ती चालविण्यास आणि दुरुस्त ठेवण्यास लागणारे प्रशिक्षित मनुष्यबळ त्या देशाकडे नव्हते. इराणमध्ये सुमारे २४ हजार अमेरिकी राहत होते आणि ही संख्या काही वर्षांत दुपटीहून अधिक होण्याची शक्यता होती. अमेरिकी तंत्रज्ञांच्या रोजच्या मदतीशिवाय इराणला मोठे युद्ध लढता येणार नाही, हा अहवालाचा निष्कर्ष होता. याचा अर्थ विकणारा देशही गिऱ्हाइकाइतकाच त्या व्यवहारात अडकला होता. राजवट बदलली तर हजारो अमेरिकींचे काय होणार, याची चिंता त्यात होती.

१९७७ मध्ये जिमी कार्टर यांच्या प्रशासनाने इराणला सात ‘अवॅक्स’ टेहळणी विमाने विकण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसमध्ये विरोध झाल्याने तो मागे घ्यावा लागला आणि गुप्त तंत्रज्ञानाच्या सुरक्षिततेची जादा हमी देऊनच तो पुन्हा आणता आला. नव्या कायद्याने दिलेली मुदत आणि सूचना यांचा उपयोग असा झाला. १९७९ च्या फेब्रुवारीत शहांची राजवट कोसळली. ती सात विमाने इराणच्या हाती कधीच पडली नाहीत. आधीच पोहोचलेली ७९ ‘एफ-१४’ विमाने मात्र नव्या राजवटीकडे गेली. अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये हे विमान सेवेतून काढले, त्यानंतरही इराण ती उडवीत राहिला.

अखेरचा प्रवास

हे सारे पाहायला हम्फ्री हयात नव्हते. ऑक्टोबर १९७६ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगावर न्यूयॉर्क येथे त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्याचे निष्पन्न झाले. तरीही ते सिनेटमध्ये परतले. देहयष्टी खंगली होती, केस विरळ झाले होते, पण बोलण्यातला उत्साह तोच होता. अखेरच्या आठवड्यांत त्यांनी ज्यांना दूरध्वनी केले त्यांत एकेकाळचे प्रतिस्पर्धी निक्सनही होते. राजीनाम्यानंतर एकाकी पडलेल्या निक्सन यांना त्यांनी आपल्या अंत्यविधीस येण्याचे निमंत्रण दिले.

१३ जानेवारी १९७८ रोजी मिनेसोटातील वेव्हर्ली येथील घरी हम्फ्री यांचे निधन झाले. कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्यांचे पार्थिव ठेवण्यात आले, तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत निक्सन उभे होते. १९७४ नंतर प्रथमच ते वॉशिंग्टनला आले होते. हम्फ्री यांच्या रिक्त जागेवर म्यूरियल यांची नियुक्ती झाली.

कायद्याची झीज

त्यानंतरच्या वर्षांत या कायद्याची वाट सरळ राहिली नाही. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात साध्या ठरावाने प्रशासनाचा निर्णय रद्द करण्याची काँग्रेसची पद्धत घटनाबाह्य ठरविली. शस्त्रविक्रीच्या कायद्यातील सर्वांत धारदार हत्यार त्यामुळे बोथट झाले. आता विक्री रोखायची तर संयुक्त ठराव लागतो आणि अध्यक्षांनी नकाराधिकार वापरल्यास दोन तृतीयांश मते लागतात. अशा ठरावाने काँग्रेसला आजवर एकही विक्री अखेरपर्यंत रोखता आलेली नाही. २०१९ मध्ये सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींना होणाऱ्या विक्रीविरुद्धचे ठराव डोनाल्ड ट्रम्प यांच्या नकाराधिकारापुढे टिकले नाहीत. त्याआधी १९८५-८६ मध्ये रेगन प्रशासनातील अधिकाऱ्यांनी इराणला चोरून क्षेपणास्त्रे विकली, तेव्हा तर सूचनेचा नियमच धाब्यावर बसविण्यात आला. पण ते प्रकरण घोटाळा ठरले, चौकशा झाल्या. नियम अस्तित्वात होता म्हणूनच तो मोडल्याचा बोभाटा झाला.

दुसऱ्या बाजूची तक्रारही खोटी नाही. मित्रदेशांना शस्त्रे मिळायला वर्षानुवर्षे लागतात, कागद अनेक टेबलांवर फिरतात, तोवर घेणारा दुसऱ्या देशाकडे वळतो, असे अमेरिकी कंपन्या आणि खरेदीदार सरकारे सांगत आली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ही विक्री वेगवान करण्यासाठी आदेश काढला. त्यात काँग्रेसला सूचना देण्याची रकमेची मर्यादा वाढविण्याचाही विचार आहे. वेग हवा हे खरे. पण आधुनिक शस्त्र तयार व्हायलाच वर्षे लागतात. त्यात विचारासाठी दिलेले तीस दिवस म्हणजे फार मोठा अडथळा म्हणता येत नाही. टेबले कमी करणे ही सुधारणा आहे; विचारणाच कमी करणे ही सुधारणा नव्हे. हम्फ्री यांनी १९७६ मध्ये तडजोड केली ती नेमकी हाच फरक ओळखून.

भारत आज या व्यवस्थेतील मोठा खरेदीदार आहे. आपण घेतलेल्या शस्त्रांच्या वापरावर अमेरिकेची नजर राहणार, हे आपल्याला टोचते आणि त्यावरून आपल्याकडे वादही झाले आहेत. ते टोचणे रास्त आहे. मात्र १९६५ मध्ये नुसत्या आश्वासनाच्या भरवशावर शेजाऱ्याच्या हाती गेलेल्या रणगाड्यांची आठवण ज्या देशाला आहे, त्याने या नोंदवहीचे मोलही जाणले पाहिजे. तीच वही आपल्या शेजाऱ्याच्या नावाचे पानही राखते. अमेरिकी काँग्रेसला सूचना देण्यात आली, हे रुक्ष वाक्य पुन्हा बातमीत येईल, तेव्हा विक्रीपूर्वी कोणीतरी कोणाला, किती आणि कशासाठी हे लिहून द्यावे, यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्चणारा तो औषधविक्रेता आठवावा.